शरदातले शिकारी पक्षी मोजायचे आहेत: चोर्ल्याच्या कड्यावर कोण येणार?

रानवाट (केरी, सत्तरी) | ५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

पाऊस अजून पुरता गेलेला नाही. काल दुपारीसुद्धा तासभर गडगडून पडला. पण आज सकाळी घाटात वर गेलो तेव्हा अंजुणे धरणावरचं धुकं लवकर उठलं आणि नऊच्या सुमाराला वाघेरी डोंगराच्या अंगाने पहिली ऊन-हवा वर चढायला लागली. त्या हवेवर एक बुटेड गरुड होता. पंखांच्या मुळाशी, मानेच्या दोन्ही बाजूंना ते दोन पांढरे ठिपके समोरून येताना दिव्यांसारखे दिसतात, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. यंदाचा पहिला.

गेली सहा वर्षं शरदात मी गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटाच्या कड्यावर बसून दक्षिणेला जाणारे शिकारी पक्षी मोजतो. आधी एकटाच होतो, मग शाळेतले दोन जुने विद्यार्थी यायला लागले. आता ते नोकरीसाठी बाहेर गेले आहेत. म्हणून हा धागा काढतोय: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन, एकाच जागेवरून मोजायला माणसं हवी आहेत.

का मोजायचं, ते सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या भागात जनावर मेलं की ते गावाबाहेर नेऊन टाकत आणि दुपारपर्यंत गिधाडं उतरत. किती? कुणालाच सांगता येणार नाही. 'खूप' असंच सगळे म्हणतात. ती गेली तेव्हाही कोणत्या वर्षी गेली ते कुणी सांगू शकलं नाही, कारण 'खूप' मधून काही वजा करता येत नाही. उलट राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचं बघा. तिथे पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडं आणि त्यांची घरटी मोजून ठेवली होती. १९९०च्या दशकात तिथेच पुन्हा मोजली, तेव्हा केवढी घसरण झाली ते आकड्यात समोर आलं. मग कारण शोधणं सुरू झालं, गुरांना देत ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आधीची मोजणी नसती तर भरतपुरातही आमच्यासारखं 'पूर्वी खूप होती' एवढंच उरलं असतं.

माझी एक चूकही सांगून ठेवतो, म्हणजे नव्या माणसाकडून ती होणार नाही. पहिली दोन वर्षं मी फक्त चांगले दिवस लिहिले. ज्या रविवारी काहीच दिसलं नाही त्या रविवारची वही कोरी. तिसऱ्या वर्षी सगळं मांडायला बसलो तेव्हा कळेना, की कोरं पान म्हणजे पक्षी नव्हते, की मी गेलोच नव्हतो, की धुकं होतं. त्या दोन वर्षांचं काम आज कशाशीही ताडून बघता येत नाही. त्यामुळे एकच अट: बसलात तर शून्यही लिहायचं.

---

दुर्बीण_नवी (म्हापसा) | ५ ऑक्टोबर, रात्री १०.४२

सर, मला यायचंय. पण मी पक्षी बघायला लागून वर्षच झालंय. ८ बाय ४२ची दुर्बीण आहे. बसलेला पक्षी ओळखता येतो. आभाळात उंचावर गेलेला मला काळा ठिपकाच दिसतो. माझ्याकडून चुकीची नोंद झाली तर तुमचं काम बिघडेल अशी भीती वाटते.

---

घाटमाथा (लोणावळा) | ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

दुर्बीण_नवी ताई, ठिपक्याचा रंग शोधू नका. उंचावर रंग फसवतो, आकार आणि चाल फसवत नाही. भोवत्या (हॅरियर) पंख उथळ व्हीसारखे वर धरून जरा डुलत जातो. कैकराचे (ऑस्प्रेचे) पंख मनगटाशी मोडल्यासारखे असतात, खालून इंग्रजी एम दिसतो. मधुबाजाचं डोकं कबुतरासारखं लहान आणि मान पुढे काढलेली. ससाण्याचे पंख टोकदार, आणि तो सारखे पंख मारत जातो, गरुडासारखा हवेवर पडून राहत नाही. घारीची शेपटी खाचेची, आणि ती शेपूट सुकाणूसारखी सतत वळवत असते.

एक महिना फक्त घारी बघा. रोज. घार पाठ झाली की जे घार नाही ते आपोआप उठून दिसतं. मी तसंच शिकलो.

---

रानवाट (केरी, सत्तरी) | ६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

घाटमाथांनी माझं अर्धं काम केलं. पुढचं सांगतो.

भीती वाटते म्हणता, ती चांगली आहे. आमच्या वहीत 'गरुड, जात कळली नाही', 'भोवत्या, जात कळली नाही' असे रकाने आहेत आणि ते भरलेले असतात. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या लांबून वेगळ्या सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. ठोकून नाव देण्यापेक्षा तो रकाना बरा.

बसायचं कसं: समोरच्या डोंगररांगेवरच्या खुणांना आपण नावं दिली आहेत. एक वाळकं झाड, एक मोबाइलचा टॉवर, एक खिंड. कुणी ओरडलं 'खिंडीच्या वर, दोन बोटं, उजवीकडे' की सगळ्यांची दुर्बीण तिथे जाते. क्षितिजाच्या कडेने हळूहळू डावीकडून उजवीकडे यायचं, मग एक दुर्बीणभर वरून परत. दर वीस मिनिटांनी डोळे मिटून घ्यायचे, हे मी सक्तीचं केलंय. निळं स्वच्छ आभाळ सगळ्यांना आवडतं, पण मोजणाऱ्याला ते सर्वांत अवघड, कारण उंच पक्षी त्यात विरघळून जातो. पांढऱ्या ढगाची पाठ असेल तर तोच पक्षी लगेच सापडतो. म्हणून दर तासाला ढग किती, वारा कुठून, समोरचा कोणता डोंगर स्पष्ट दिसतोय, हेही लिहायचं. नाहीतर निळ्या दिवसाची कमी संख्या पक्ष्यांच्या माथी बसते.

आणि पक्षी भोवऱ्यात फिरत असताना मोजायचे नाहीत. ऊन-हवेच्या खांबात ते एकमेकांच्या वर-खाली घिरट्या घालतात, तोच पक्षी तीनदा मोजला जातो. खांबाच्या टोकाला पोचले की ते पंख आवळून एकामागून एक दक्षिणेला सुटतात. तेव्हा मोजायचे, ओळीत.

---

अंकमोड (पणजी) | ६ ऑक्टोबर, रात्री ८.५५

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि पक्षीही बघतो, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. रानवाट सरांच्या चिकाटीबद्दल आदर आहे, पण या जागेबद्दल मला शंका आहेत.

गोवा म्हणजे बातुमी नव्हे. जॉर्जियात बातुमीजवळ एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर. ज्या पक्ष्यांना ऊन-हवेवर तरंगत जायचं असतं ते समुद्र टाळतात, कारण पाण्यावर तशी हवा वर चढत नाही, आणि उंच डोंगरही टाळतात. मग सगळे त्या चिंचोळ्या पट्टीतून जातात. म्हणून तिथे २००८ पासूनच्या मोजणीत एका शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी नोंदले जातात. मेक्सिकोत व्हेराक्रूझला त्याहून कितीतरी जास्त. आपल्याकडे असा गळा नाही. सह्याद्री उत्तर-दक्षिण पसरलाय, पक्षी दख्खनच्या पठारावरून, घाटावरून, किनाऱ्यावरून विखरून येतात. चोर्ल्याच्या एका कड्यावरून जे दिसतं ते एकूण प्रवाहाचा किती हिस्सा, हे कधीच सांगता येणार नाही.

दुसरं, इथे आलेले बरेचसे पक्षी पुढे जातच नाहीत, इथेच हिवाळा काढतात. तिसरं, घार, ब्राह्मणी घार, सर्पगरुड, शिक्रा, मोरघार हे इथलेच. स्थानिक पक्षी सकाळी त्याच कड्यावर चार फेऱ्या मारतो. तुम्ही नेमकं काय मोजताय?

---

पेडण्याचा_सडा (पेडणे) | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

अंकमोड सर, तुमचा मुद्दा खरा असेल, पण आम्ही मोजलं नाही तर दुसरं कोण मोजणार?

आमच्याकडे भोवत्ये दसऱ्याच्या आसपास येतात. सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत पिवळं पडायला लागतं तेव्हा. दिवसभर कमरेएवढ्या उंचीवरून गवत चाळत हिंडतात, आणि संध्याकाळी सूर्य टेकला की एकेक करून एकाच जागी जमिनीवर उतरतात, तिथेच रात्र काढतात. गुजरातेत वेळावदरला अशा मुक्कामावर केवढे जमतात ते आपण वाचलेलं आहे. आमच्या सड्यावर मोजके, पण मी तो मुक्काम तीन वर्षं मोजला. मागच्या डिसेंबरात कुणीतरी ते गवत पेटवलं. कुणी ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. त्या रात्री मी बांधावर उभा होतो आणि काळोखात पक्षी धुरातून उठून जाताना ऐकू येत होते. भोवत्या अंधारात उडत नाही, त्याला कुठे उतरायचं ते दिसत नसणार. दुसऱ्या दिवशीपासून आकडा शून्य, आणि सरांनी सांगितलं तसं मी तो शून्य रोज लिहिला, फेब्रुवारीपर्यंत.

तो कागद घेऊन मी पंचायतीत गेलो. आकडे होते म्हणून माझं ऐकून घेतलं. यंदा त्या पट्ट्यात गवत जाळायचं नाही असं ठरलंय.

---

खाजनकाठ (चोडण) | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

पेडणेकर, वाचून गलबलून आलं. आणि पंचायतीचं वाचून बरंही वाटलं.

मी मांडवीच्या काठी राहते. फेरीबोटीतून जाता-येता खाजनाच्या (बांध घातलेल्या खाऱ्या शेतीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, एका खांबावर कैकर बसलेला दिसतो. पायात शेवटो असतो, डोकं पुढच्या बाजूला धरून नेलेला, कारण मासा तसा धरला की उडताना वाऱ्याचा अडथळा कमी होतो. आता हा एकच कैकर रोज त्याच खांबावर. मी रोज 'एक' लिहिलं तर मार्चपर्यंत दीडशे कैकर होतील! म्हणून मी मोजत नाही, फक्त पहिल्यांदा दिसला ती तारीख लिहिते. घरातल्या कालदर्शिकेवर, चवथीच्या खुणेशेजारीच. सर, त्याचा काही उपयोग?

---

रानवाट (केरी, सत्तरी) | ७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

खाजनकाठ बाय, खूप उपयोग. कैकरासारख्या जाग्यावर बसणाऱ्या पक्ष्यासाठी आगमनाची तारीख ही मोजणीपेक्षा चांगली नोंद आहे. जुन्या कालदर्शिका टाकू नका.

अंकमोड, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तिसऱ्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी इतकी वर्षं तिथे ढिलाई केली. आतापासून घार, ब्राह्मणी घार, सर्पगरुड, शिक्रा, मोरघार, समुद्रगरुड या यादीतून बाहेर. मधुबाजही बाहेर, कारण इथे राहणारे आणि येणारे वेगळे काढता येत नाहीत. तो काढताना मला वाईट वाटलं. मोजायचे फक्त ते, जे इथे घरटी करत नाहीत: भोवत्ये, बुटेड गरुड, स्टेप आणि ठिपकेवाले मोठे गरुड, अमूर ससाणा आणि आढळलाच तर उत्तरेचा बहिरी. काळ्या कानाची घार सायबेरिया-मंगोलियाकडून येते हे खरं, दिल्लीत ट्रान्समीटर लावलेल्या घारी हिमालय ओलांडून तिकडे गेलेल्या आहेत. पण आमच्या घारींच्या गर्दीत ती खात्रीने वेगळी काढायला फोटो लागतो. तीही सोडू.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. एकूण प्रवाहाचा हिस्सा मला सांगायचाच नाही. त्याच कड्यावरून, त्याच तासांत, तसेच डोळे लावून बसलो तर या वर्षीचा आकडा दहा वर्षांनंतरच्या आकड्याशी बोलू शकतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर पूर्वी लोक मजेखातर ससाणे-गरुड गोळ्या घालून पाडत. १९३४ साली रोझली एज यांनी तो डोंगर घेतला, राखणीला मॉरिस ब्रून यांना बसवलं, आणि राखण करता करता ते मोजत राहिले. त्यांनी नुसती संख्या लिहिली नाही, गरुडाचं वयही लिहिलं. १९३५ ते ३९ मध्ये दिसलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांत शंभरात चाळीस पहिल्या वर्षाची पिल्लं होती. १९५५ ते ५९ मध्ये वीस. मोठे गरुड डोंगरावरून जातच होते, नुसतं बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पिल्लं मात्र कमी झाली होती. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध लिहिताना लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये ब्रून यांचेच आकडे पुढे ठेवले. त्या डोंगरालाही बातुमीसारखे दहा लाख पक्षी कधी दिसले नाहीत.

---

अंकमोड (पणजी) | ७ ऑक्टोबर, रात्री १०.२०

वयाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. प्रमाण काढायचं असेल तर एकूण प्रवाह माहीत असण्याची गरजच नाही, हे मान्य. मग भोवत्यांमध्ये तरी नर, मादी आणि पहिल्या वर्षाची पिल्लं वेगळी लिहा. पांढुरका आणि माँटेग्यूचा या दोघांच्या पिल्लांची छाती-पोट विटकरी-नारिंगी असतं, तेवढं लांबून कळतं. आणि किती जण बघत होते तेही दर तासाला लिहा. दोघांना जेवढं दिसतं त्याहून चौघांना जास्त दिसणारच, नाहीतर माणसं वाढली की पक्षी वाढले असं वाटेल.

तक्ता मी आखून देतो. येत्या रविवारी मीही येतो.

---

विदर्भवासी (नागपूर) | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१२

दूर आहो म्हणून येणं जमत नाही, पण अमूर ससाण्याबद्दल सांगाल का? आमच्याकडे नोव्हेंबरात कधी-कधी शेतावर थवा दिसते आणि दोन दिवसात गायब होते.

---

घाटमाथा (लोणावळा) | ८ ऑक्टोबर, रात्री ९.४८

आवडता विषय काढलात. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, म्हणजे पारव्याहून हलका. आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनमध्ये घरटी करतो, हिवाळ्याला आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात जातो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी लाखोंनी उतरतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून ते प्रचंड संख्येने मारले जात असल्याचं बाहेर आलं, आणि २०१३ मध्ये त्याच पांगती गावच्या लोकांनी शिकार बंद केली. त्याच वर्षी तीन पक्ष्यांना ट्रान्समीटर लावून नावं दिली: नागा, वोखा, पांगती. ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेकडे गेले. अंकमोडांनी सांगितलेला नियम हा एवढासा ससाणा मोडतो: तरंगत नाही, पंख मारत जातो, म्हणून समुद्र त्याला अडवत नाही, आणि त्या दिवसांत ईशान्येचा वारा पाठीशी असतो. त्याच सुमाराला चतुरांचे थवेही भारतातून मालदीवकडे आणि पुढे आफ्रिकेकडे जातात. ससाणे वाटेत त्यांच्यावरच पोट भरत असावेत असं २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन यांनी मांडलं.

लोणावळ्याला ते थांबतात तेव्हा आम्ही तारांवर मोजतो. पण गोव्याच्या लोकांनी दुपार सोडू नये असं मला वाटतं. समुद्रावर निघण्याआधीचा पक्षी किनाऱ्याजवळ कसा वागतो, ते बघण्याची जागा तुमच्याकडे आहे.

---

पेडण्याचा_सडा (पेडणे) | ९ ऑक्टोबर, सकाळी ६.५५

भात कापायला सुरुवात झाली की आमच्या शेतात चतुर मावत नाहीत. नोव्हेंबरात सड्याच्या पश्चिम टोकाला, जिथून समुद्र दिसतो, दुपारी तीन ते सूर्यास्त मी बसतो. चोर्ला सकाळी, सडा संध्याकाळी. दोन्हींचे तक्ते वेगळे.

---

दुर्बीण_नवी (म्हापसा) | २४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

उशीर झाला लिहायला. सात रविवारांपैकी पाच चोर्ल्याला होते. रानवाट सर गेल्या आठवड्यापासून तापाने पडून आहेत, त्यामुळे आज कड्यावर अंकमोड सर आणि मी दोघंच होतो. सरांच्या सांगण्यावरून नोंद इथे टाकतेय.

९ ते १०: दोन माणसं, ढग नाहीत, वारा पूर्वेचा मंद, वाघेरी स्पष्ट. शून्य.
१० ते ११: तसंच. शून्य.
११ ते १२: ढग आभाळाच्या चौथ्या भागावर. बुटेड गरुड १, फिकट रंगाचा, दक्षिणेला.
१२ ते १: भोवत्या, जात कळली नाही, १. नारिंगी पोट, म्हणून पहिल्या वर्षाचा. अंकमोड सरांचंही मत तेच.
१ ते २: शून्य.

परत येताना पेडण्याला थांबले. साडेचारला सड्यावर नऊ अमूर ससाणे होते. चतुर पकडून हवेतच, पाय तोंडाशी नेऊन खात होते. पाच वाजून दहा मिनिटांनी ते एकत्र वर चढायला लागले. भोवरा नाही, सरळ, पंख मारत. मी दुर्बीण खाली केली नाही. समुद्रावर गेल्यावर चार दिसत होते, मग दोन, मग मला एकही दिसेना. पेडणेकरांना आणखी थोडा वेळ दिसत होते.

मी तक्त्यात ९ लिहिलेत, दिशा नैर्ऋत्य.

---

रानवाट (केरी, सत्तरी) | २४ नोव्हेंबर, रात्री ९.०५

ताप उतरलाय. नोंद वाचली, उतरवून घेतली. ९ ते १० आणि १० ते ११च्या शून्यांबद्दल विशेष आभार. पुढचा रविवार १ डिसेंबरचा, तो शेवटचा धरू, मी येतोय. छत्री आणीन, बाराच्या पुढे कड्यावर सावली नसते.